बाराव्या गोलचं पान

माझं माहेर राजनांदगावचं. त्या गावात पोरगं चालायला लागलं की त्याच्या हातात हॉकीची काठी देतात. मग ते तिनं चेंडू मारो, नाहीतर शेजाऱ्याचं कुत्रं. सासर भिलाईचं, मरोद्यातल्या क्वार्टरचं. तिथे काठी टाकीत पाणी किती उरलं ते पाहायला वापरत. तरीही दर वर्षी संक्रांतीनंतरच्या रविवारी ही दोन गावं मरोद्याच्या मुरमाच्या मैदानावर समोरासमोर उभी राहायची. आधी तिळगूळ द्यायचे, मग मॅच खेळायचे, आणि मॅच माझं माहेर जिंकायचं. जिंकायचं म्हणजे एखाद्या गोलनं नाही. पाच, सात, एकदा तर नऊ. सासरच्या खात्यावर शून्य.

या सगळ्याचे कर्तेधर्ते माझे सासरे. मी त्यांना मामाजी म्हणायची. मूळचे वर्धेकडचे, भिलाईच्या स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसमध्ये क्लार्क, आणि ब्लॉकमधल्या पोरांना जमवून काढलेल्या टीमचे मॅनेजर. मॅच हरल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते सायकल घेऊन प्लांटच्या गेटवर जरा लवकरच जात आणि कोणी विचारायच्या आत स्वतःच मोठ्यानं सांगून टाकत, "सात-शून्य." त्यांचं म्हणणं असं, की हरल्याचा आकडा आपणच सांगावा; दुसऱ्याच्या तोंडात तो वाढतो. एकानं सात सांगितलं की गेटपासून कँटीनपर्यंत त्याचे दहा होतात. म्हणून आकडा खरा सांगायचा, वर मान करून सांगायचा आणि चहा प्यायचा. त्यांच्या या खरेपणाची प्लांटमध्ये थट्टा होई, पण त्यांचा आकडा कोणी कधी पुन्हा तपासला नाही.

माझा नवरा या टीमचा कीपर. कीपर का, तर टीमकडे पॅडचा एकच जोड होता आणि तो यांच्या पायाला बसायचा. बाबांनी जावई पाहिला तोही गोलमध्येच. माझे बाबा राजनांदगावला शाळेत मास्तर होते आणि तिथल्या टीमचे मॅनेजर. त्या वर्षी यांनी सात गोल खाल्ले. बाबांनी घरी येऊन आईला सांगितलं, की मुलगा चांगला आहे. सात झाले तरी आपल्या बॅकना एक शिवी दिली नाही, प्रत्येक गोलनंतर चेंडू स्वतः उचलून मध्यावर नेऊन दिला. पत्रिका नंतर पाहिली. मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की शिव्या देत नाही हे ठीक, पण डावीकडचा चेंडू याला दिसत नाही. मला हॉकी चांगली कळायची. सासरी गेल्यावर मात्र मी गप्प बसले, कारण तिथे ज्ञान पाजळायचं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं.

आता या मॅचची जी खरी रीत होती ती सांगते. जेवढे गोल, तेवढी पानं. म्हणजे पाहुण्या टीमनं जितके गोल केले, तितके पाहुणे हरलेल्यांनी आपापल्या घरी जेवायला न्यायचे. सुरुवात झाली ती गमतीनंच. फार पूर्वी एका वर्षी पाहुण्यांची परतीची पॅसेंजर उशिरा होती, पोरं भुकेली होती, आणि मामाजी म्हणाले, ज्यांनी गोल मारले ते तरी चला, बाकीच्यांना चहा-चिवडा देतो. पाच जण जेवून गेले. आमच्या सासूबाईंच्या हातची पाटोडीची भाजी, तिचा तो झणझणीत रस्सा, वर भाकरी आणि शेवटी दहीभात. बाकीचे सहा जण चिवडा खात प्लॅटफॉर्मवर बसले आणि परतीच्या गाडीत त्या पाच जणांचे ढेकर ऐकत राहिले.

पुढच्या वर्षी काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. सात गोल. त्या सहा जणांनी चिवडा पुन्हा खायचा नाही असं ठरवलं होतं. फुल बॅकसुद्धा गोल मारायला पुढे पळत होता. हरलेल्यांनी सांत्वन म्हणून काढलेली रीत हरण्याचंच कारण झाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ब्लॉकमधल्या एका काकांनी एकदा सुचवलं, की जेवण बंद करू, गोल आपोआप कमी होतील. मामाजींनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "आपल्या घरी जेवाले भेटावं म्हणून लोकं इतके जीव तोडून खेळून राहिले. याच्यात लाजाचं काय हाय?" विषय तिथेच संपला. काकांच्याच घरी त्या वर्षी तीन पानं झाली, आणि काकूंनी वडाभात केला होता.

मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, चला, दर वर्षी एकदा तरी माहेरची माणसं आपल्या हातचं जेवतील. माझा धाकटा भाऊ त्या टीमचा सेंटर फॉरवर्ड. तो दर वर्षी दोन-तीन गोल मारायचा आणि हक्कानं आमच्या स्वयंपाकघरात येऊन पाट ओढायचा. यांच्या खांद्यावर हात टाकून म्हणायचा, भाऊजी, डावीकडे पाहत जा. हे हसायचे. पण बाबा आत येत नसत.

लेकीच्या घरी बापानं जेवायचं नाही, पाणीही प्यायचं नाही, जोवर तिला मूल होत नाही तोवर. आमच्याकडे ही रीत जुनी. बाबांच्या बापानंही ती पाळली होती. बाबा मॅचला येताना खांद्याला छागळ लटकवून येत, ती जाड कापडाची पाण्याची पिशवी, जिच्यातून थेंब थेंब गळत असतं आणि पाणी गार राहतं. मॅच झाली की ते आमच्या क्वार्टरच्या फाटकापर्यंत येत. बाहेरच उभे राहत. माझी चौकशी करत, आईनं दिलेले वडे, पापड हातात ठेवत, आणि तहान लागली की तिथेच छागळ वर धरून घटाघट पाणी पीत. मी फाटकाच्या आत, ते बाहेर. पाच वर्षं झाली तरी माझ्या मांडीवर काही आलं नव्हतं.

ब्लॉकमधल्या बायका वाईट नव्हत्या, पण त्यांना डोळे होते. बाप फाटकावर उभा राहून आपलं पाणी पितो हे सगळ्यांना दिसत होतं आणि का पितो तेही माहीत होतं. सासूबाईंनी मला एका शब्दानं कधी दुखवलं नाही. पण ती छागळ दर वर्षी काही न बोलता ते बोलून जायची, आणि मला ते फार लागायचं. एका वर्षी मी बाबांना सरळ विचारलं, की रीत सोडली तर काय होईल. ते खाली पाहत म्हणाले, "मले का हौस हाय वं? पण बापानं पाळलं ते मी कसं मोडू? लेकरू होऊ दे एक, मंग पाहाजो, उठवशीन तरी उठणार नाही." त्यांचा आवाज इतका मऊ होता की मला भांडताही आलं नाही. भांडता आलं असतं तर बरं वाटलं असतं.

सहाव्या वर्षी डाळ भिजत घालताना मला सुचलं. जेवढे गोल, तेवढी पानं. माहेरची टीम येते कशी, तर अकरा खेळाडू आणि एक मॅनेजर. अकरा गोल झाले तर अकरा खेळाडू जेवणार. आणि बारा झाले तर? मी हातातलं भांडं तसंच ठेवून अंगणात मामाजींकडे गेले आणि विचारलं. त्यांनी पेपर बाजूला ठेवला. आजवर नऊच्या वर गेलं नव्हतं, त्यामुळे या प्रश्नाचा विचार कोणी केला नव्हता. ते म्हणाले, खेळाडू संपले की मॅनेजर, आणि मॅनेजरचं पान मॅनेजरच्याच घरी. मग माझ्याकडे पाहिलं. मी का विचारते आहे ते त्यांना कळलं होतं.

"बारा झाले तं तो बारावा गोल जेवून राहिला समज," ते म्हणाले. "तुहा बाप थोडीच जेवते."

त्या दिवसापासून मी माझ्या सासरच्या टीमच्या सणसणीत पराभवाची वाट पाहू लागले. लोक देवाकडे पोर मागतात, नोकरी मागतात. मी बारा गोल मागितले. यांनाही सांगून टाकलं. हे पॅडचे पट्टे शिवत बसले होते. सुई थांबवून म्हणाले, "म्हणजे मी मुद्दाम सोडू?"

"मुद्दाम कायले? तुमी नेहमीसारखं खेळा," मी म्हटलं. "तेवढ्यानंच भागते."

ते इतके हसले की सुई बोटात घुसली.

मॅचच्या दिवशी मी सासरच्या सतरंजीवर बसले, कारण बसायची जागा ठरलेली. सासूबाई मॅचला येत नसत. निकाल माहीत असताना दुपार कशाला घालवायची, असं त्यांचं म्हणणं. त्या घरी रस्सा उकळत होत्या. पहिल्या हाफमध्ये सहा झाले. चेंडू गोलमागच्या फळीवर आदळला की खाड्कन आवाज यायचा, आणि माझे हात आपोआप टाळीसाठी उठायचे. शेजारची काकू माझ्याकडे पाहायला लागली. मी टाळीच्या जागी पदर सारखा केला. असा मी त्या दिवशी पदर बराच वेळा सारखा केला.

मधल्या सुट्टीत मी तिळाचे लाडू घेऊन भावाजवळ गेले आणि कानात सांगितलं, की बारा पाहिजेत. त्यानं तोंडात लाडू असताना का म्हणून विचारलं. मी बाबांकडे बोट दाखवलं. बाबा मैदानाच्या कडेला, छागळ गुडघ्यावर घेऊन बसले होते. भाऊ चावायचा थांबला. मग काठी उचलून मैदानात गेला आणि सुट्टी संपल्यासंपल्या दोन मारून आला.

दहावा झाला, अकरावा झाला. आमच्या टीमचे अकराही जण आता गोलसमोर गर्दी करून उभे होते, इतके की चेंडूला वाट मिळत नव्हती. मामाजी घड्याळ पाहत होते. आमच्या सतरंजीवर लोकांनी डबे उघडले होते, कोणाच्या घरी कोण जाणार याची बोलणी चालली होती. बाराव्या गोलची तिथे कोणाला पडली नव्हती, फक्त मला. आणि शेवटची दोन-चार मिनिटं राहिली असताना आमच्या फुल बॅकनं गोंधळात चेंडू पायानं अडवला. पंचानं शिट्टी मारली. पेनल्टी स्ट्रोक.

पेनल्टी स्ट्रोक म्हणजे मध्ये कोणी नाही. मारणारा एक आणि कीपर एक. माझा भाऊ पुढे आला. समोर माझा नवरा. सतरंजीवरच्या डबेवाल्यांचेही हात थांबले. भाऊ कुठे मारणार हे मला ठाऊक होतं. डावीकडे. दर वर्षी जेवता जेवता तोच तर सांगायचा. मी डोळे मिटले नाहीत. पाहायचं होतं मला.

त्यानं मारलाही डावीकडेच, जीव खाऊन. आणि हे, ज्यांना डावीकडचा चेंडू जन्मात दिसला नव्हता, त्यांनी डावीकडे पूर्ण अंग फेकलं. फळीचा आवाज आला नाही. मुरमावर घसरत गेलेल्या अंगाचा आला. चेंडू यांच्या हाताला लागून बाहेर गेला होता.

आमची सतरंजी उठून नाचायला लागली. अकरा-शून्य हरत होतो, आणि लोक मिठ्या मारत होते. काका मैदानात धावत गेले. मामाजींनी टोपी उडवली. असा बचाव त्या मैदानावर कोणी पाहिला नव्हता, मी राजनांदगावलाही क्वचित पाहिला असेल. आणि मला राग आला. वाईट वाटलं असं म्हणायला हवं, पण आला तो रागच. जन्मभर डावीकडचे सोडले आणि नेमका हाच सापडला होता धरायला. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, काकू मला जवळ घेऊन म्हणत होती, की बघ, कसा अडवला तुझ्या नवऱ्यानं. तिला वाटलं मी आनंदानं रडते आहे.

हे उठून बसले होते. कोपरापासून मनगटापर्यंत सोललं होतं, मुरूम आत रुतला होता. माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली. नंतर मला म्हणाले, की खरंच विचार केला नव्हता, हात आपोआप गेला. ते मी तेव्हाच ओळखलं होतं. म्हणूनच तर चिडता येईना.

शिट्टी झाली. पोरं हात-पाय धुवायला मैदानाच्या कोपऱ्यातल्या नळावर गेली. आणि बाबा उठले. सावकाश चालत यांच्याजवळ गेले, गुडघे टेकून खाली बसले, यांचा हात स्वतःच्या मांडीवर घेतला, छागळीचं बूच काढलं आणि ती जखमेवर धरली. मुरमाचा एकेक खडा बोटानं काढत होते. सगळी छागळ त्यांनी तिथे रिती केली, शेवटी पिळूनसुद्धा घेतली. मी जवळ पोचले होते. ते यांना म्हणत होते, "अकरा खाल्ल्यावर बाराव्यासाठी कोणी असं अंग टाकत नाही, जवाईबापू. मी तरी पाहिलं नाही." हे मान खाली घालून बसले होते, मार खाल्लेल्या विद्यार्थ्यासारखे.

पानांची वाटणी झाली. अकरा पाहुणे चार घरांत गेले. आमच्याकडे भाऊ आणि आणखी दोघं. मी पुढे होऊन घरी आले, पानं मांडली, मनातल्या मनात सगळ्या हॉकीला दोष देत होते. भाऊ आला, पाटावर बसला. मला म्हणाला, की मी हळू नाही मारला गं ताई. मी म्हटलं, माहीत आहे.

बाबा दर वर्षीसारखे फाटकापर्यंत आले. मी बाहेर गेले. आईनं दिलेली पिशवी त्यांनी माझ्या हातात ठेवली. मग कोरडी छागळ खांद्यावरून काढली, उलटी करून दाखवली आणि म्हणाले, "रिकामी झाली वं. पाणी दे."

मैदानावर नळ होता. त्याच नळावर त्यांची अकरा पोरं पाय धुऊन आली होती, आणि बाबा त्याच्या शेजारूनच चालत आले होते.  मी आत गेले, तांब्या भरला, घाईत अर्धा सांडला, परत भरला. बाहेर आले तर बाबा फाटकाच्या आत उभे होते. चपला काढून.

ते पाणी प्यायले. तांब्या संपवला. मग आत आले. सासूबाईंनी आणखी एक पाट मांडला आणि ताट ठेवलं. ते भरून तयारच होतं, म्हणजे त्यांनी ते कधी वाढलं होतं कोण जाणे. बाबा भावाच्या शेजारी बसले आणि पाटोडीच्या रश्शात भाकरी कुस्करून जेवले. तिखटानं त्यांना घाम फुटला. दहीभात दोनदा घेतला. मी वाढत होते आणि मला हसू आवरत नव्हतं, रडूही आवरत नव्हतं, आणि दोन्ही एकदम चाललं होतं. मामाजी समोर बसून त्यांना हॉकीतलं काहीतरी चुकीचं समजावून सांगत होते आणि बाबा ते मान डोलावून ऐकून घेत होते.

पुढे काही वर्षांनी आम्हाला मुलगी झाली. बारशाला कोणीतरी बाबांना म्हणालं, की आता लेकीकडे जेवायला मोकळे झालात. बाबा म्हणाले, मी तर कधीचाच जेवून राहिलो. विचारणाऱ्याला काही कळलं नाही.

पण त्या मॅचच्या दुसऱ्या सकाळचं सांगायचं राहिलं. मामाजी सायकल घेऊन नेहमीप्रमाणे लवकर गेटवर गेले. हे त्यांच्या मागेच होते, हाताला पट्टी बांधलेली. कोणी विचारायच्या आत मामाजींनी मान वर करून आकडा सांगितला.

"बारा-शून्य."

त्यांचा आकडा कोणी तपासत नसे, हे मी वर सांगितलंच आहे. तोच प्लांटभर झाला, तोच मरोद्यात झाला, आणि आजही त्या ब्लॉकमधली जुनी माणसं भेटली की म्हणतात, त्या वर्षी आपण बारानं हरलो होतो. हे तिथे असतात, ऐकतात, सुपारी कातरत बसतात. आयुष्यात एकच चेंडू डावीकडे अडवला या माणसानं, पण आजवर एकदाही म्हणाला नाही की अकराच झाले होते.